कागदावरचा कठडा

कर भरायची शेवटची तारीख जवळ आली की माणसं करसल्लागाराच्या दारात पिशव्या घेऊन उभी राहतात. पिशवीत वर्षभराचे कागद कोंबलेले असतात आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो – यातून जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवा बुवा! तुम्ही-आम्ही सगळेच त्या रांगेत कधी ना कधी उभे राहिलो आहोत.

त्या दिवशी रांगेत चष्मेबाई उभ्या होत्या. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढायचं काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या, म्हणून सगळे त्यांना चष्मेबाईच म्हणायचे. करसल्लागाराकडे मात्र त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. इतकी वर्षं हे काम त्यांचे यजमान करत. यजमान शाळेत गणिताचे मास्तर. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी मास्तर बुटाची नाडी बांधायला खाली वाकले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

तेव्हापासून बाईंना काही वाटेनासं झालं होतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल जसा आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. बहीण म्हणाली, "रडून घे एकदा, मोकळी हो." बाई खरंच रडायला म्हणून बसायच्या. डोळ्यांतून टिपूस यायचा नाही. मग उठून भांडी घासायच्या. दुकानातलं काम तेवढं बिनचूक चालायचं. "हे वाचा. आता स्पष्ट दिसतं, की मघाशी दिसत होतं?" एवढं विचारायला मन जाग्यावर असावं लागत नाही.

"या काकू, या!" करसल्लागार खुर्चीतून उठला. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी. टेबलावर फायलींचे मनोरे होते, त्यातला एक त्याने बाजूला सरकवला. "तुमचं सगळं तयार आहे. सही तेवढी करा."

त्याने कागद समोर धरले. "हे तुमच्या वरच्या मजल्याचं वर्षाचं भाडं. त्यातून ही वजावट. घर भाड्याने दिलं की ते राखायला खर्च येतो ना? दुरुस्ती, रंग, नळ, विमा. तो भाड्यातून वजा करता येतो. उरलेल्या रकमेवरच कर. यंदा मी छताचं वॉटरप्रूफिंग दाखवलंय, तीन महिन्यांच्या भाड्याएवढं. म्हणजे कर जवळजवळ नाहीच. इथे करा, आणि इथे."

घर बाईंच्या नावावर होतं, त्यांच्या वडिलांकडून आलेलं. त्यामुळे दर वर्षी सही त्यांचीच लागे. मास्तर कागद घरी आणत. बाई ओले हात फडक्याला पुसून विचारत, "कुठे करू?" मास्तर बोट ठेवत, "इथे." झालं! दुसऱ्यांना शेवटच्या ओळीतलं बारीक अक्षर वाचायला लावणाऱ्या बाईंनी स्वतःच्या सहीच्या वरची ओळ कधी वाचली नव्हती.

"छताचं काम झालं का? मला ठाऊक नव्हतं," बाई म्हणाल्या. संशय वगैरे काही नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या.

"होईल की कधीतरी," सल्लागार हसला. "बिलाची काळजी तुम्ही नका करू. बिल मी मिळवतो. सरांच्या वेळेपासून असंच चालत आलंय."

बाईंना काहीच खटकलं नाही. खटकायला आत कुणीतरी जागं असावं लागतं. त्यांनी पेन उघडलं, तेवढ्यात सल्लागाराने कपाळावर हात मारला. "थांबा काकू! भाडेकरार संपलाय तुमचा. सर गेले त्याच महिन्यात. नवा मी टाइप करून ठेवलाय, पण भाडेकरूची सही हवी. ती घेऊन या, मग सगळं एकदमच करू. ही जुनी फाइलही न्या, जुना करार दाखवायला लागेल त्यांना."

दुसऱ्या दिवशी बाईंची सुट्टी होती. फाइल पिशवीत घालून, दोन बस बदलून त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. त्या घरात त्यांनी सहा-सात वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. भाडं परस्पर बँकेत जमा व्हायचं आणि भाडेकरूंशी काय बोलायचं ते मास्तर बोलायचे.

खालच्या मजल्यावर खोक्यांचं गोदाम होतं. वर जायला घराच्या अंगाला बाहेरून लावलेला लोखंडी जिना, एकोणीस पायऱ्यांचा. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कठडा. म्हणजे, कठडा असायला हवा होता. खालच्या सहा पायऱ्यांपर्यंत तो होताही, गंजून पापुद्रे सुटलेला. पुढे नुसत्या तुटक्या खुंट्या होत्या आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत कपडे वाळत घालायची निळी दोरी बांधलेली होती. दोरीला हात लावला तर ती झोके घ्यायची. बाई भिंतीला खांदा घासत वर गेल्या. पडले तर पडले, असं एकदा मनात येऊन गेलं आणि त्याचीही भीती वाटली नाही.

"दार उघडंच आहे," आतून आवाज आला. "मी उठून येईपर्यंत तुम्ही आत येऊन बसालसुद्धा!"

खिडकीपाशी एक सडसडीत म्हातारे गृहस्थ बसले होते, हातात काठी. हे भाडेकरूणीचे वडील. चाळीस वर्षं पोस्टमनची नोकरी करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना पोस्टमनकाका म्हणत. लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, ती अजून यायची होती.

बाईंनी ओळख सांगितली. काकांनी काठी बाजूला ठेवली. "मास्तरांचं कळलं. यायचं होतं भेटायला. पण तुमच्या घरी यायचं म्हणजे आधी या एकोणीस पायऱ्या आल्या. त्या काही जमल्या नाहीत."

"कधीपासून उतरला नाहीत?"

"दोन वर्षं सात महिने झाले. उतरलोच नाही असंही नाही म्हणा. एकदा उतरलो होतो, बारा पायऱ्या एकदम!" काका स्वतःच हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा तेही थांबले. "वरचा कठडा हातातच आला माझ्या. गंजला होता. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, स्क्रू घातले. आता चालतो घरात. पण धरायला काही नसलेल्या जिन्यावर पाय ठेवायचा धीर होत नाही. दोन पायऱ्या उतरतो अन् परत फिरतो."

"यांना सांगितलं होतंत?"

"मास्तरांना? सांगितलं ना. दवाखान्यात भेटायला आले होते. फळं घेऊन आले होते, चांगली ही एवढी पिशवीभर! माणूस चांगलाच. म्हणाले, बघतो. मग आणखी एकदा फोन केला, तेव्हाही म्हणाले, बघतो."

बाईंनी मान हलवली. मग कामाचं बघावं म्हणून त्यांनी जुना करार काढायला फाइल उघडली. करार तळाशी होता. तो ओढताना वरचे कागद मांडीवर सांडले. त्यात एका वेल्डरचं बिल होतं. सव्वीस वर्षांची सवय, डोळे आपोआप बारीक अक्षरावर गेले.

'लोखंडी जिन्याचा कठडा, पूर्ण लांबीचा, नवीन, भिंतीकडील आधारासह. रंगकाम धरून. मजुरीसह.' खाली रक्कम, चार महिन्यांच्या भाड्याएवढी. तारीख दोन वर्षं सात महिन्यांपूर्वीची.

"तुम्ही कोणत्या तारखेला पडलात, काका?"

काकांनी तारीख सांगितली. बिल त्यानंतर अकरा दिवसांचं होतं.

"काय वाचताय एवढं?"

बाईंनी बिल त्यांच्या हातात दिलं. लपवावं असं त्यांना सुचलंच नाही. लपवायलाही शरम वाटावी लागते. काकांनी ते लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं. उलटंपालटं करून पाहिलं.

"पत्ता बरोबर आहे, बाई," शेवटी ते म्हणाले. "पण माल पोचला नाही."

एवढ्यात जिना करकरला आणि लेक आत आली. खांद्याला पिशवी, अंगाला लॅबमधल्या औषधांचा वास. "मालकीणबाई आल्यात," काका म्हणाले, तशी ती दारातच थबकली. "भाडं वाढवायचंय का?" तिने एकदम विचारलं. "आम्ही काही तक्रार केलेली नाही हं. दोरी माझी मीच बांधलीय. तेवढी चालते."

"तक्रार का नाही केलीत?" बाईंनी विचारलं.

ती खांदे उडवून म्हणाली, "सारखं सांगितलं की लोक घर सोडा म्हणतात. लॅब इथून जवळ आहे, दुपारी येऊन बाबांना औषध देता येतं. दुसरीकडे कुठे मिळणार असं? आता सवय झालीय. बाबांनाही झालीय." पाण्याचा पेला भरताना तिने पाठ वळवली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. बाईंना तो आवाज ओळखीचा वाटला. गेले पाच महिने त्या स्वतः तसंच बोलत होत्या.

काकांनी बिल गुडघ्यावर सपाट केलं. "बाई, एक विचारू? हे बिल दाखवल्यामुळे तुम्हाला कर कमी लागला, बरोबर?"

"हो. तेवढी वजावट मिळते."

"ती तुम्हाला का मिळते, याचा विचार केलात कधी?"

"सल्लागार म्हणतो, कायद्यात आहे."

"कायद्यात आहेच. पण का आहे? माझ्या लेकीचा पगार हातात यायच्या आधीच त्यातून कर कापतात. तिच्या चपला झिजतात, बसभाडं लागतं. त्याचं बिल घेत नाही कुणी! मग घरमालकालाच सूट का? कारण घर झिजतं आणि त्या घरात दुसरीच माणसं राहत असतात. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं, की बाबा रे, घर नीट ठेव. त्यावर जो खर्च करशील तेवढ्या पैशावर आम्ही कर मागणार नाही. ती भेट नाही, बाई. ते काम आहे, सोपवलेलं. तुम्ही कर कमी भरलात तर तो खड्डा कोण भरतं? ज्याचा पगार कापूनच येतो, तो भरतो. म्हणजे या कठड्याचे थोडे पैसे माझ्या लेकीने भरलेत. आणि तिचाच बाप त्या कठड्यावाचून इथे बसलाय!"

लेक म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना. सगळेच करतात."

"म्हणूनच तर कुणाला काही वाटत नाही," काका म्हणाले.

बाई मांडीवरच्या कागदांकडे बघत होत्या. "मलाही काही वाटत नाहीये, काका," त्या हळूच म्हणाल्या. "खरं सांगते. वाईट वाटायला हवं, कळतंय मला. पण वाटत नाही. हे गेले तेव्हापासून काहीच वाटत नाही."

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा आवाज मऊ झाला. "मग वाटायची वाट कशाला बघता? माझी बायको गेली, त्यानंतर पाचव्या दिवशी मी पत्रं वाटायला निघालो. मनात काही नव्हतं, नुसते पाय चालत होते. पण ज्याचं पत्र होतं त्याला ते वेळेवर मिळालं. त्याला काय करायचंय माझं मन जाग्यावर होतं की नव्हतं! योग्य काम मन लावून केलं तर उत्तमच. मन नसताना केलं तरी ते पोचतं."

करारावर सही झाली. लेकीने चहा विचारला, बाई नको म्हणाल्या आणि निघाल्या.

उतरताना चौथ्या-पाचव्या पायरीवर त्यांचा बूट गंजलेल्या पत्र्यात अडकला. तोल गेला. हात आपोआप बाजूला गेला, कठडा धरायला. मूठ मिटली ती हवेवर! क्षणभर त्या तशाच पुढे झुकल्या, खाली गोदामाबाहेरची फोडलेली खोकी दिसली, मग निळी दोरी छातीला लागली आणि त्या मटकन पायरीवर बसल्या.

पिशवीतली फाइल खाली पडून उघडली होती.

हा कठडा होता! नवीन होता, रंग दिलेला होता, भिंतीकडच्या आधारासह होता! पण कुठे? कागदावर! आणि त्या कागदाच्या जोरावर भरलेल्या विवरणपत्रावर सही कुणाची? मास्तरांची नव्हे, सल्लागाराची नव्हे, तर ओले हात फडक्याला पुसून केलेली त्यांची स्वतःची!

घरी पोचल्यावर त्यांनी दिवा लावला, पंखा लावायचं सुचलं नाही. सगळी फाइल जेवणाच्या टेबलावर पसरली आणि सगळी वाचून काढली, बारीक अक्षरासकट. सहा वर्षांत त्या घराला दोनदा रंग झाला होता, न्हाणीघराच्या फरश्या बदलल्या होत्या, वायरिंग नवं झालं होतं आणि एक कठडा बसला होता. कागदावरच्या त्या घरात राजाने राहावं! खऱ्या घरातल्या भिंतींचे पोपडे त्यांनी दुपारीच पाहिले होते.

मास्तरांची खुर्ची समोर होती. कॉपी करणाऱ्या सख्ख्या पुतण्यालाही मास्तरांनी सोडलं नव्हतं. गावात त्यांच्या सचोटीच्या गोष्टी सांगत लोक. बाई त्या खुर्चीकडे बघत राहिल्या आणि अचानक ओरडल्या, "अहो, तुम्ही त्यांना फळं घेऊन गेलात! फळं! त्यांचं मोडलेलं हाड बघून आलात आणि अकरा दिवसांनी त्याचं बिल केलंत? कसं जमलं हो तुम्हाला?"

शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ बारीक केला. बाई ओरडतच राहिल्या, मग त्यांचा आवाज फुटला आणि त्या रडल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा. रडल्यावर मोकळं वाटतं म्हणतात. त्यांना तसं काही वाटलं नाही. डोकं दुखलं आणि नाक चोंदलं. पण कुणाचा तरी भयंकर राग आलाय, एवढं मात्र कळलं. त्यातला निम्मा स्वतःचा होता.

मुलगा परगावी असायचा. त्याला त्यांनी फोन करून सगळं सांगितलं आणि आपण काय करणार तेही सांगितलं.

"आई, तू बाबांना चोर ठरवतेयस!" तो म्हणाला. "गेलेल्या माणसाचं नाव कशाला काढायचं? सगळे घरमालक हेच करतात."

"मी त्यांना काहीच ठरवत नाही. सही माझी आहे."

"आणि पैसे? दंड, व्याज? तुम्ही म्हातारपणासाठी ठेवलेली ठेव मोडावी लागेल."

"लागेल," बाई म्हणाल्या. "मोडू."

मग तो म्हणाला, "तुला बरं नाहीये, आई. मी रविवारी येतो." बाई म्हणाल्या, "ये."

सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या करसल्लागाराकडे गेल्या. करार टेबलावर ठेवला, फाइल ठेवली आणि पेन मिटलेलंच ठेवलं.

"छताचं काढून टाक. झालं नाही ते दाखवायचं नाही. आणि मागची सहा वर्षं दुरुस्त कर. जे झालं नाही ते सगळं मागे घ्यायचं."

सल्लागाराला आधी वाटलं, काकू थट्टा करताहेत. मग त्याने दार लोटून घेतलं. "काकू, कुणी विचारलेलं नाही, नोटीस नाही. झोपलेल्याला कशाला उठवायचं? एकदा आपण होऊन कबूल केलं की व्याज लागेल, वर दंड. बाकीची दहा बिलंही तपासतील."

"तपासू देत."

"सर असते तर त्यांना आवडलं नसतं हे."

"सरांनी तुला कॉपी करताना पकडलं होतं ना रे एकदा?"

तो ओशाळला. "आठवीत. पेपरच काढून घेतला होता."

"मग माझा घे काढून," बाई म्हणाल्या.

सल्लागाराने फाइल जवळ ओढली. बाहेर रांगेतली माणसं खोकत होती, पिशव्या चुरचुरत होत्या. तो बोलला तेव्हा आवाज एकदम आठवीतल्या मुलासारखा होता. "काकू, ही युक्ती माझी होती. पहिल्या वर्षी सर नाही म्हणाले, चांगले रागावले मला. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा विचारलं, तेव्हा गप्प बसले. तिसऱ्या वर्षी मी काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं, यंदा काय दाखवू या?"

बाईंनी डोळे मिटले. म्हणजे असं झालं होतं तर. कुणी एका दिवसात बदललं नव्हतं. नाही म्हणणारा माणूस गप्प बसला होता, आणि एकदा गप्प बसल्यावर पुढचं सोपं झालं होतं. काकांचं मोडलेलं हाड एका खान्यात आणि बिल दुसऱ्या खान्यात, दोन्हींची गाठ मास्तरांच्या मनात पडलीच नव्हती.

"करतो काकू," सल्लागार म्हणाला. "फी नको मला याची."

"फी घे. पावती मात्र दे. खरी."

कर कार्यालयात कुणी बाईंचं कौतुक केलं नाही की कुणी दरडावलं नाही. काउंटरवरच्या बाईने कागद मोजले, शिक्का मारला आणि "पुढचे" म्हणून हाक मारली. महिन्याभराने आकडा आला. ठेवीचा तिसरा हिस्सा गेला. मुलगा दोन रविवार येऊन बसला. दुसऱ्या रविवारी जाताना म्हणाला, "आई, त्या जिन्याचं माप घ्यायला मी येऊ का?"

माप घेऊन दोघं त्या वेल्डरकडे गेले, ज्याचं बिल फाइलमध्ये होतं. दुकानासमोर ठिणग्या उडत होत्या. वेल्डरने तोंडावरची काच वर केली. बाईंनी बिल पुढे केलं.

"हा कठडा बसवायचाय."

त्याने बिल वाचलं. "हा बसवलाय की! माझंच बिल आहे."

"कुठे बसवलाय?"

वेल्डर गडबडला. त्याने बिलाची मागची बाजूसुद्धा पाहिली. "म्हणजे... बाई, बिल तेवढं दिलं होतं. थोडे पैसे घेऊन. सगळेच मागतात, मी आपला देतो."

"त्या जिन्यावरून एक माणूस पडला. तुमचा कठडा लागला असता तर पडला नसता, असं नाही म्हणत मी. तो आधीच पडला होता. पण तो पुन्हा खाली उतरला असता, अडीच वर्षांपूर्वीच."

वेल्डरने हातमोजा काढून मान खाजवली. "कधी येऊ बसवायला?"

चार दिवस काम चाललं. गंजलेला भाग कापून काढला, तीन पायऱ्यांचे पत्रे बदलले, भिंतीकडे नळीचा आधार आणि पलीकडे पूर्ण लांबीचा कठडा बसला. मजुरीचे पैसे वेल्डर कमी घेतो म्हणाला. बाईंनी पूर्ण दिले आणि बिल मागून घेतलं. त्याची वजावट त्या पुढच्या वर्षी मागणार होत्या, अगदी उजळ माथ्याने. तो त्यांचा हक्कच होता. न्हाणीघराचं काम त्यानंतर धरायचं ठरलं, पैसे जमतील तसं.

रंग वाळल्यावर शनिवारी सकाळी पोस्टमनकाका दारात उभे राहिले. लेक मागे, बाई आणि त्यांचा मुलगा खाली. काकांनी एक हात भिंतीकडच्या नळीवर ठेवला आणि दुसरा कठड्यावर. काठी लेकीकडे दिली. पहिल्या दोन पायऱ्या ते रोजच्यासारखे उतरले. तिसरीवर थांबले.

"घाई नाही, बाबा," लेक म्हणाली.

"गप्प बस. मोजतोय."

मग ते उतरू लागले, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. बाराव्या पायरीवर त्यांनी श्वास घेतला. शेवटच्या पायरीवरून त्यांनी जमिनीवर पाय ठेवला. बाईंनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. स्वतःच्या पायांवर उभे राहून ते रस्त्याकडे बघत राहिले. समोरच्या घराला वेगळा रंग लागला होता, कोपऱ्यावरचं दुकान बंद होऊन दुसरंच उघडलं होतं.

"अडीच वर्षांत एवढं बदललं?" ते म्हणाले. "चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन बघू या."

लेक जिन्यावरच बसून राहिली होती. तिचे खांदे हलत होते. बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. "मला क्षमा कर," त्या म्हणाल्या. एवढंच. लेकीने थोडं सरकून त्यांना नीट बसायला जागा केली.

वाचकहो, चष्मेबाईंचं दुःख त्या दिवशी संपलं असं मी सांगणार नाही. बरेच दिवस अजूनही त्यांना काहीच वाटत नाही. मास्तरांवर त्यांचं प्रेम आहे आणि रागही आहे, दोन्ही एकाच घरात नांदतात. पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली आहे आणि ती आपल्यालाही कळायला हवी. माणूस फक्त दुःखानेच बधिर होत नाही, सवयीनेही होतो. 'सगळेच करतात' हे त्या बधिरपणाचं इंजेक्शन आहे. कायद्याने दिलेली सूट जरूर घ्यावी, पै न् पै घ्यावी. पण ती ज्या कामासाठी दिली आहे ते काम आधी व्हावं. खोटं बिल कुणा दूरच्या सरकारला फसवत नाही. ते आपल्याच एखाद्या खोलीत राहणाऱ्या, आपल्याला नमस्कार करणाऱ्या माणसाच्या पायाखालची पायरी काढून घेतं. तेव्हा पुढच्या वेळी सहीसाठी कागद समोर आला, तर वरची ओळ वाचा. तिच्यात लिहिलेली वस्तू जिथे असायला हवी तिथे एकदा जा आणि तिच्यावर हात ठेवून बघा. हाताला लागली, तरच सही करा!